गळणारा ट्रॉली जॅक घरच्या घरी कसा दुरुस्त करायचा

मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे गेला की पत्र्याच्या शेडमधला माझा २ टनी जॅक फरशीवर तेलाचा डाग पाडायचा. आधी रुपयाएवढा, मग बशीएवढा. दोन उन्हाळे वरून तेल भरून वेळ मारून नेली. तिसऱ्या उन्हाळ्यात चाक काढायला घेतलं आणि गाडी डोळ्यांदेखत हळूहळू खाली बसली, तेव्हा मुकाट्याने जॅक खोलायला घेतला. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला बरीच वर्षं काढलेली, त्यामुळे पाना धरायची भीती नव्हती. तरी पहिला प्रयत्न फसला. का फसला ते छर्र्यांच्या भागात सांगतो, आणि तो भाग गाळू नका.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्या जिल्ह्यात ‘ट्रॉली जॅक’ म्हटलं की दुकानदाराला ट्रॅक्टरची टिपिंग ट्रॉली दिसते. मी सील मागायला गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला, “ट्रॅक्टर कुठला?” म्हटलं, ट्रॅक्टर नाही हो, चार चाकांचा, गाडी उचलायचा. “मग तसं सांगा की. नमुना आणलाय का?” तर हा लेख त्या चाकांवर सरकणाऱ्या, लांब दांड्याच्या जॅकबद्दल आहे. बॉटल जॅकचं पोटही साधारण असंच असतं.

आत काय असतं

दांडा वरखाली केला की बारीक प्लंजर, म्हणजे दट्ट्या, टाकीतलं तेल ओढतो आणि मोठ्या सिलिंडरमध्ये ढकलतो. तिथला जाड रॅम पुढे सरकतो आणि उचलणारा हात वर जातो. मध्ये दोन छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या, असतात: एक तेल आत घेताना उघडतो, दुसरा गेलेलं तेल परत येऊ देत नाही. दांडा पिळून जॅक खाली घेतो तिथे तिसरा छर्रा किंवा टोकदार स्क्रू असतो, तो रिलीज व्हॉल्व्ह. चौथी जागा ओव्हरलोड व्हॉल्व्हची. स्प्रिंगवर बसलेला हा स्क्रू बहुधा टोपीखाली किंवा रंगाखाली दडलेला असतो. त्याला हात लावू नका. कारखान्यात लावलेला तो दाब घरी परत लावायला आपल्याकडे गेज नसतो.

दाबाची कल्पना यावी म्हणून एक हिशेब. ३० मिलिमीटर व्यासाच्या रॅमवर २ टन सरळ आले, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २८३ किलो पडतात. गाडीच्या टायरमध्ये सव्वादोन किलोच्या आसपास हवा असते. ट्रॉली जॅकमध्ये हात लांब असल्यामुळे रॅमवर दोन टनांहूनही जास्त जोर येतो. म्हणून भार असताना गळणाऱ्या जागेवर बोट ठेवून ‘इथून येतंय का’ असं कधीच बघू नका. एवढ्या दाबाची बारीक धार कातडीत शिरते, आणि मग काम पान्याचं राहत नाही, डॉक्टरांचं होतं.

तेल नक्की कुठून येतंय

खोलण्याआधी अर्धा तास इथे घालवा. जॅक बाहेरून डिझेलने धुवा, कोरडा करा आणि संशयाच्या जागांवर घरातली टाल्कम पावडर भुरभुरवा. खाली वर्तमानपत्र पसरा. आता भार न ठेवता दांडा पंधरा-वीस वेळा मारा, मग जॅक तासभर तसाच उभा ठेवा. तेलाची वाट पावडरीत ओली रेघ होऊन दिसते. कागदावरचा थेंब फसवा असतो, कारण तेल फ्रेमवरून ओघळत भलत्याच ठिकाणी ठिबकतं.

रेघ भरणीच्या बुचापाशी असेल तर सुटलात. बूच रबरी असतं, उन्हाने कडक होऊन तडकतं, नवं बसवा. कित्येकदा बूचही ठीक असतं आणि तेलच जास्त भरलेलं असतं. मी दोन वर्षं नेमकं हेच करत होतो: गळलं की भर, भरलं की गळ. जॅक गाडीत आडवा टाकून नेला तरी इथूनच तेल येतं.

प्लंजरभोवती ओल असेल तर प्लंजरची ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी, गेली. रिलीज व्हॉल्व्हच्या दांडीपाशी असेल तर तिथली छोटी ओ-रिंग. हा दांडा एक-दीड फेऱ्यापेक्षा जास्त उलटा पिळायची सवय असेल तर चांगली ओ-रिंगही गळते. रॅम बाहेर येतो त्या मोठ्या नटापाशी ओल म्हणजे रॅमचं सील, आणि सगळ्यात जास्त मेहनत तिथेच.

बाहेर थेंबही नाही, तरी भार घेतल्यावर जॅक बसत जातो, ही गळती आतली. छर्रे नीट बसत नाहीत किंवा रॅमच्या तळाचं सील झिजलंय.

एक अट मात्र आहे. फ्रेम वाकलेली, बॉडीला चीर, सिलिंडरला कुणी वेल्डिंग केलेलं किंवा रॅमवर नखाला लागतील असे उभे ओरखडे असतील तर पुढे वाचू नका, जॅक भंगारात द्या. ओरखड्यावर नवं सील महिनाभरही टिकत नाही.

तयारी

पाने, ऍलन कीचा संच, सर्क्लिपची पक्कड, मोठा पाईप पाना, व्हाइस, व्हर्निअर, लोहचुंबक आणि दोन पसरट डबे. व्हर्निअर नसेल तर उसना आणा, पट्टीने हे काम होत नाही. खाली पांढरं कापड किंवा मोठा ताट हवंच, छर्रा फरशीवर पडला की कॉटखाली जाऊनच थांबतो.

तेल हायड्रॉलिकचंच घ्या, व्हीजी ३२ ग्रेडचं. हा आकडा ४० अंश तापमानाला तेल किती दाट राहतं त्याचा असतो, आणि आपल्याकडे ४० अंश म्हणजे मे महिन्यातली साधी दुपार. व्हीजी २२ आपल्या उन्हाळ्यात फार पातळ पडतं. जॅक जुना आणि ढिला असेल तर ४६ ही चालतं, फक्त डिसेंबरच्या सकाळी दांडा जरा जड लागेल. इंडियन ऑइलचं सर्व्हो सिस्टीम या नावाने मिळणारं तेल चालतं, दुसऱ्या चांगल्या कंपनीचंही चालेल. छोट्या जॅकला अर्धा लिटर पुरून उरतं.

ब्रेक ऑइल चुकूनही घालू नका. जॅकची रबरं नायट्राइल नावाच्या, खनिज तेल सोसणाऱ्या रबराची असतात. ब्रेक ऑइलने ती फुगतात आणि मऊ पडतात. ‘दोन्ही हायड्रॉलिकच की’ म्हणून घालणारे मी पाहिलेत. पहिले दोन दिवस जॅक झकास चालतो, कारण फुगलेलं रबर घट्ट बसतं. मग सगळी सीलं एकदम जातात. इंजिन ऑइल एवढं घातक नाही, पण दाट असतं आणि त्यातली डिटर्जंटं इथे नको असतात.

खोलणं

जॅक पूर्ण खाली घ्या, रिलीज व्हॉल्व्ह उघडा, दांडा काढा. आता खाली वाकून पाहा: उचलणाऱ्या हाताला मागे ओढणाऱ्या एक-दोन जाड स्प्रिंगा दिसतील. त्या ताणलेल्या असतात. स्क्रूड्रायव्हरने उचकटल्या तर सुटून थेट तोंडावर येतात. डोळ्यांवर चष्मा घाला आणि मजबूत दोरीचा फास हुकात अडकवून सरळ रेषेत ओढून सोडवा. कुणाला तरी फ्रेम धरायला सांगा. मी आमच्या थोरल्याला बसवलं होतं. तो फ्रेमवर बसून मोबाइल बघत होता, तरी वजनाचा उपयोग झाला.

मग रॅमला हाताशी जोडणारी पिन आणि तिचं लॉक काढा, दांड्याची बैठक सोडवा आणि दोन्ही बाजूंचे बोल्ट खोलून हायड्रॉलिक युनिट अख्खं बाहेर घ्या. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढा. वायसर कोणत्या बाजूला होता हे आठवतंय असं वाटतं, पण चार दिवसांनी आठवत नाही.

बूच काढून तेल एका डब्यात ओता आणि उजेडात धरा. काळं असेल तर रबर झिजलंय. दुधाळ असेल तर पाणी गेलंय, मग आत गंजाची शंका घ्या. बोटावर चमचम दिसली तर धातू घासलाय.

युनिटचा चौकोनी ठोकळा व्हाइसमध्ये धरा, मध्ये लाकडाच्या पट्ट्या ठेवून. रॅमचा मोठा नट घट्टच असतो. नटाला डिझेल पाजून रात्रभर ठेवा, सकाळी पाईप पाना लावून झटका द्या. पाना नुसता दाबत राहिलात तर घसरतो, झटक्याने सुटतो. तापवायचा मोह आवरा, आत तेल आणि डिझेल आहे. नट निघाला की टाकीची नळी आणि तिच्या दोन्ही टोकांची गॅस्केटं, मग रॅम. आतला सिलिंडर ठोकळ्यात बसतो तिथे तळाशी तांब्याचं किंवा नायलॉनचं वायसर असतं. सिलिंडर काढला असेल तर ते बदलाच.

माप, आणि दुकानातली बोलणी

बहुतेकजण जुनी ओ-रिंग घेऊन दुकानात जातात आणि तिच्यासारखी दुसरी आणतात. जुनी ओ-रिंग दबून चपटी झालेली असते. तिच्या मापाची नवी आणली तर ती पहिल्या दिवसापासूनच झिजलेल्या मापाची. म्हणून रबर नाही, खाच मोजा.

माझ्या रॅमचा हिशेब देतो. सिलिंडरचा आतला व्यास ३२ मिलिमीटर, रॅमवरच्या खाचेच्या तळाचा व्यास २६. फरक ६, त्याचा अर्धा ३. म्हणजे रबराला बसायला ३ मिलिमीटरची जागा. ओ-रिंग दबून बसली पाहिजे, साधारण १० ते २० टक्के. ३.५ मिलिमीटर जाडीची घेतली तर ती अर्धा मिलिमीटर दबते, म्हणजे १४ टक्के; बरोबर. आतला व्यास खाचेपेक्षा किंचित कमी हवा, म्हणजे ताणून बसते: २६ ला २५ किंवा साडेपंचवीस. माझ्या खरडीवर लिहिलं होतं ‘२५ × ३.५’, आणि काउंटरवरच्या पोराने एका मिनिटात काढून दिली. चपटी जुनी रिंग मोजली असती तर ३ मिलिमीटरची आणली असती आणि ती अजिबात दबली नसती.

दोन गोष्टी तोंडाने सांगा. पहिली, “नायट्राइल द्या.” ब्रेकच्या किटमधलं रबर बहुतेक वेळा ईपीडीएमचं असतं. दिसायला तेही काळं, पण ते खनिज तेलात फुगतं. दुसरी, “९० शोअर आहे का?” शोअर हे रबराच्या कडकपणाचं माप, नेहमीच्या ओ-रिंग ७० शोअरच्या असतात. प्लंजर आणि रॅमसाठी कडक ९० ची जास्त टिकते. बूच आणि टाकीच्या गॅस्केटला ७० पुरते. ओ-रिंगशेजारी पांढरी चपटी रिंग निघाली असेल तर ती बॅकअप रिंग. तीही आणा. आपल्या भागात ट्रॅक्टर आणि जेसीबीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात हे सगळं सुटं मिळतं. जॅकच्या कंपनीचं सील किट मिळालं तर उत्तमच, पण स्वस्त जॅकला ते सहसा मिळत नाही.

छर्रे, आणि माझी फजिती

पहिल्या वेळी मी सील सगळी बदलली, माप बरोबर, तेल बरोबर. बाहेरची गळती थांबली. पण गाडी उचलली की पाच मिनिटांत दोन बोटं खाली. पुन्हा खोललं तेव्हा दुसऱ्या छर्र्याखाली एक पांढरा तंतू आडवा पडलेला दिसला, भुवईच्या केसापेक्षा बारीक. टॉवेलचा तंतू! सोलापुरात हात पुसायला, मशीन पुसायला कारखान्यातल्या टॉवेलच्या चिंध्या घरोघरी असतात. तेल त्या मस्त पितात, पण प्रत्येक पुसण्याला लिंट सोडतात. छर्रा आणि त्याची बैठक यांच्यामध्ये एक तंतूही अडकला तर तेलाला पळायला रस्ता मिळतो. ज्या चिंधीवर माझं अर्धं आयुष्य गेलं तिनेच दगा दिला.

तेव्हापासून आतल्या भागांना टॉवेल लावत नाही. ठोकळा डिझेलमध्ये बुडवून बारीक ब्रशने प्रत्येक भोक धुतो, दुसऱ्या डब्यातल्या स्वच्छ डिझेलमध्ये खळबळतो आणि सायकलच्या पंपाने हवा मारतो. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची हवाही चालते, फक्त आधी नळी बाहेर सोडून तिच्यातलं पाणी उडवून घ्या. पुसायचंच असेल तर शंभर वेळा धुतलेल्या जुन्या धोतराचा तुकडा. पेट्रोल वापरू नका, या उन्हात त्याची वाफ कुठल्याही ठिणगीला पुरते.

छर्रे काढताना क्रम लिहून ठेवा, कारण दोघांचा आकार वेगळा असू शकतो. लोहचुंबकाने ते सहज उचलले जातात. छर्रा उजेडात फिरवून पाहा. खड्डा किंवा गंजाचा ठिपका दिसला तर बदला. बेअरिंगच्या दुकानात मापाचे छर्रे मिळतात. बैठकीवर रेघ असेल तर जुना छर्रा तिच्यावर ठेवा, वर पितळी सळई टेकवा आणि छोट्या हातोडीने एक, फार तर दोन हलके ठोके द्या. बैठक पुन्हा गोल उमटते. ठोकलेला छर्रा फेकून नवा घाला. लोखंडी सळई आणि जोराचा ठोका म्हणजे ठोकळा बाद.

जोडणी

नवं प्रत्येक रबर आधी त्याच हायड्रॉलिक तेलात बुडवा. कोरडी ओ-रिंग आट्यांवरून सरकवली की चिरते, आणि ती चीर बाहेरून दिसत नाही. आट्यांवर प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा गुंडाळा, त्यावरून रिंग सरकवा, मग पिशवी ओढून काढा. रिंग बसवायला स्क्रूड्रायव्हर नको, आइस्क्रीमची लाकडी काडी घासून घ्या.

बॅकअप रिंगची बाजू चुकवू नका. दाब ज्या बाजूने येतो त्या बाजूला ओ-रिंग, पलीकडे बॅकअप. रॅमला दाब तळाकडून येतो, म्हणून बॅकअप रॅमच्या बाहेर येणाऱ्या टोकाकडे. उलटी बसली तर दाबाखाली रबर फटीत ढकललं जाऊन कुरतडतं.

रॅम सिलिंडरमध्ये घालताना हलकं फिरवत, सरळ दाबा. अडकला तर बाहेर घ्या आणि रिंग बघा, ठोकू नका. बाकी सगळं फोटो उलट्या क्रमाने बघत. मोठा नट नीट आवळा. स्प्रिंगा मात्र आत्ता लावू नका, आधी तेल भरून पाहा.

तेल, हवा, मग गाडी

रॅम पूर्ण आत आणि युनिट सपाट, अशा अवस्थेत भरणीच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच तेल भरा. रॅम बाहेर असताना भरलंत तर तो आत जाताना सगळं जास्तीचं तेल बुचातून बाहेर फेकतो.

आता हवा काढायची. रिलीज व्हॉल्व्ह उघडा ठेवून प्लंजर भराभर दहा-पंधरा वेळा मारा. व्हॉल्व्ह बंद करा, भार न ठेवता रॅम पूर्ण बाहेर येईपर्यंत पंप करा, पुन्हा उघडून हाताने रॅम आत ढकला. बूच काढून पातळी बघा, बुडबुडे येऊ द्या, कमी असेल तर भरा. असं दोन-तीन वेळा. दांडा स्पंजासारखा लागतोय तोवर आत हवा आहे. पहिल्या हिसक्यालाच रॅम हलला की झालं. मग युनिट फ्रेममध्ये बसवा, बोल्ट आवळा, स्प्रिंगा त्याच दोरीने परत लावा.

गाडीची चाचणी सपाट, पक्क्या जागेवर. हँडब्रेक ओढा, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दगड लावा. मागचं एक चाक जमिनीपासून चार बोटं उचला आणि लगेच चेसिसखाली स्टँड सरकवा, मध्ये एक-दीड सेंटिमीटर फट ठेवून. जॅक बसलाच तर गाडी स्टँडवर येईल. दुरुस्त केलेला असो की कोरा करकरीत, नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही. जॅकच्या हातावर आणि फ्रेमवर समोरासमोर खडूने दोन रेघा मारा. पहिल्या मिनिटात एखाद-दोन मिलिमीटर बसला तर चालतं. त्यानंतर दहा मिनिटांत रेघा सरकता कामा नयेत. सरकल्या तर पुन्हा छर्र्यांकडे जा आणि बैठकीत तंतू शोधा.

काढलेलं तेल गटारात ओतू नका. बाटलीत भरून गॅरेजवाल्याच्या जुन्या तेलाच्या पिंपात द्या. थोडं फाटकाच्या बिजागरीला ठेवलं तरी हरकत नाही.

जॅक नेहमी रॅम आत, व्हॉल्व्ह किंचित उघडा आणि सावलीत ठेवा. पत्र्याच्या शेडमधून माझा आता जिन्याखाली आलाय. पहिले दोन दिवस त्याच्याखाली पांढरा कागद ठेवा. पहिल्या सकाळी एखादा ठिपका दिसेल. तो बहुधा जोडणीच्या वेळी फ्रेमच्या कोपऱ्यात साठलेल्या तेलाचा असतो, पुसून टाका. दुसऱ्या सकाळी कागद कोरा निघाला की तो काढून घ्या.